अ‍ॅक्सेस पोर्टवर पोर्टफास्ट, बीपीडीयू गार्ड आणि फिल्टर: कोणते कुठे लावावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत आपल्या कंपनीचे तीन मजल्यांचे कार्यालय आहे. प्रत्येक मजल्यावर सिस्कोचे कॅटॅलिस्ट अ‍ॅक्सेस स्विच आहेत आणि ते सर्व्हर रूममधील दोन कोअर (मध्यवर्ती) स्विचना दुहेरी अपलिंकने, म्हणजे वर जाणाऱ्या दोन-दोन केबलने, जोडलेले आहेत. सकाळी संगणक सुरू केल्यावर काहींना डीएचसीपीकडून, म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळत नाही आणि 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसतो. त्यातच मागच्या आठवड्यात बैठकीच्या खोलीतील आठ पोर्टांच्या साध्या स्विचमध्ये कोणीतरी एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोके घातली आणि सबंध मजला ठप्प झाला. देखभालीच्या कंत्राटदाराने दोन्ही दुखण्यांवर एकच उपाय सुचवला, तो म्हणजे स्पॅनिंग ट्री, अर्थात लूप (फिरून त्याच जागी येणारी वाट) रोखणारी स्विचमधील यंत्रणा, बंद करणे. ते करावे का, आणि नाही तर सर्व पोर्टवर सरसकट पोर्टफास्ट, म्हणजे पोर्टला न थांबता चालू करणारी सेटिंग, लावावे का, हे आपण विचारले आहे.

स्पॅनिंग ट्री बंद करू नये. पोर्टफास्टही सरसकट लावू नये. पोर्टवरची प्रत्येक स्पॅनिंग ट्री सेटिंग म्हणजे त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला काय आहे याविषयी आपण स्विचला दिलेली ग्वाही असते. ग्वाही खरी असेल तर नेटवर्क जलद चालते आणि खोटी असेल तर एखाद्या दिवशी बसते. म्हणून आधी पोर्टांची वर्गवारी करावी आणि मग कमांड द्याव्यात.

स्पॅनिंग ट्री बंद केल्यास काय होईल, ते आधी सांगतो. आयपी पॅकेटच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहिलेले असते आणि प्रत्येक राउटरवर ते एकाने घटते. इथरनेट फ्रेमला असे आयुष्य नाही. त्यामुळे लूपमध्ये सापडलेली एक ब्रॉडकास्ट (सर्वांसाठी पाठवलेली) फ्रेम, कोणी केबल उपटेपर्यंत, फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीत तिच्या नव्या प्रती निघतात. रॅडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्रीची रीत बांधली ती याच अडचणीवर, आणि 1990 मध्ये ती आयईईईच्या 802.1डी मानकात आली. आपल्याकडे कोअरला दुहेरी अपलिंक आहेत, म्हणजे लूप आपण स्वतःच, जाणीवपूर्वक, उभा केलेला आहे आणि त्यातील एक वाट स्पॅनिंग ट्रीने रोखून धरली आहे म्हणून नेटवर्क चालते. स्पॅनिंग ट्री बंद केल्यास नेटवर्क ठप्प व्हायला बैठकीच्या खोलीतील पॅच कॉर्डची वाट पाहावी लागणार नाही.

आता सकाळच्या तक्रारीकडे वळू. जुन्या 802.1डी पद्धतीत पोर्टला दिवा लागल्यापासून फॉरवर्डिंग (वाहतूक पुढे सोडणाऱ्या) स्थितीत येण्यापूर्वी लिसनिंगमध्ये 15 सेकंद आणि लर्निंगमध्ये 15 सेकंद काढावे लागतात. या 30 सेकंदांत संगणकाने डीएचसीपीकडे केलेली मागणी स्विच पुढे जाऊच देत नाही. काही संगणक तेवढा वेळ पुन्हा पुन्हा विचारत राहतात आणि काही कंटाळून स्वतःच 169.254 चा पत्ता घेऊन बसतात. नेटवर्कवरून बूट होणाऱ्या यंत्रांना हा उशीर आणखी जाचतो. आपण रॅपिड पीव्हीएसटी, ही स्पॅनिंग ट्रीची जलद आवृत्ती, चालू केले आहे आणि तरीही तक्रार टिकून आहे, असे लिहिले आहे. त्यात नवल नाही. रॅपिड पद्धतीचा वेग दोन स्विचमधील प्रस्ताव आणि संमती यांच्या देवघेवीतून येतो. संगणक अशा प्रस्तावाला उत्तर देत नाही, त्यामुळे ज्या पोर्टला आपण एज (कडेचा, पलीकडे स्विच नसलेला) म्हणून जाहीर केलेले नाही तो रॅपिडमध्येही पूर्ण 30 सेकंद थांबतो. हा गैरसमज मी अनेक चांगल्या अभियंत्यांतही पाहिला आहे.

पोर्टफास्ट म्हणजे हेच जाहीर करणे. नव्या आवृत्त्यांत कमांडमध्ये पोर्टफास्टनंतर एज हा शब्द येतो आणि नेक्सस मालिकेत तिचे रूप पोर्ट टाइप एज असे आहे, पण अर्थ एकच, की पलीकडे स्विच नाही, थेट फॉरवर्डिंगमध्ये जा. यामुळे पोर्टवरची स्पॅनिंग ट्री बंद पडते असे पुष्कळांना वाटते, ते बरोबर नाही. पोर्ट दर 2 सेकंदांनी बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे निरोप, पाठवतच राहतो आणि पलीकडून बीपीडीयू आला तर एजपण सोडून साध्या पोर्टसारखा वागू लागतो.

पोर्टफास्टचा दुसरा फायदा वेळेच्या बचतीपेक्षा मोठा आहे. साधा पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये आला की स्विच तो रचनेतील बदल समजतो आणि सगळीकडे तशी वर्दी देतो. वर्दी मिळालेले स्विच आपापल्या मॅक तक्त्यांची (कोणते यंत्र कोणत्या पोर्टवर आहे याच्या नोंदींची) सफाई करतात. जुन्या पद्धतीत नोंदींचे 300 सेकंदांचे आयुष्य तात्पुरते 15 सेकंदांवर येते, तर रॅपिडमध्ये त्या लगेच पुसल्या जातात. मग पत्ता पुन्हा शिकेपर्यंत एका संगणकासाठीची वाहतूक त्या व्हीलॅनच्या (स्विचवर आखलेल्या आभासी नेटवर्कच्या) सर्व पोर्टांवर सांडते. साडेनऊला लोकल पकडून आलेली माणसे दहाच्या सुमारास एकामागून एक संगणक सुरू करतात तेव्हा हा प्रकार मिनिटामिनिटाला घडतो. झोपी जाताना नेटवर्क कार्डाचा वेग उतरवणारे लॅपटॉप तर दिवसभर लिंक तोडत आणि जोडत असतात. एज पोर्टच्या चालू-बंद होण्याची अशी वर्दी जात नाही. आपल्याकडे हे घडत आहे का ते 'शो स्पॅनिंग-ट्री डिटेल' ही कमांड देऊन पाहावे. प्रत्येक व्हीलॅनखाली रचनेतील बदलांची एकूण संख्या, शेवटचा बदल किती वेळापूर्वी झाला आणि तो कोणत्या पोर्टकडून आला, हे एकत्र दिसते. त्या पोर्टचा माग काढत एकेका स्विचवर गेले की आपण नेमक्या टेबलापर्यंत पोहोचता.

आता वर्गवारी. संगणक, प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरा, हजेरीचे यंत्र आणि आयपी फोन हे एज पोर्ट. फोनच्या पोटात लहान स्विच असतो, तरी तो स्वतः स्पॅनिंग ट्री चालवत नाही, म्हणून त्याचा पोर्ट एज धरावा. अशा पोर्टवर मोड स्पष्टपणे अ‍ॅक्सेस ठेवावा आणि वाटाघाटीवर सोडू नये, कारण स्विचभर लागू होणारी 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट डिफॉल्ट' ही कमांड ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारा पोर्ट) नसलेल्या पोर्टनाच लागते आणि पोर्ट चुकून ट्रंक झाला तर तिचा परिणाम उडतो. आभासी यंत्रे चालवणाऱ्या सर्व्हरचा आणि अनेक व्हीलॅन नेणाऱ्या वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंटचा पोर्ट ट्रंक असूनही एज असतो. तेथे पोर्टफास्टची ट्रंकसाठीची वेगळी कमांड आहे, ती द्यावी. अपलिंक, दोन कोअरमधील दुवा आणि कोणत्याही दुसऱ्या स्विचकडे जाणारा पोर्ट एज नव्हे, मग तो कितीही संथ का वाटेना.

आपल्या अपघाताचे मूळ मात्र पोर्टफास्टच्या पलीकडे आहे. छोट्या स्विचमध्ये पॅच कॉर्डची दोन्ही टोके गेली, तेव्हा आपल्या अ‍ॅक्सेस स्विचचा बीपीडीयू त्या लूपमधून फिरून त्याच पोर्टवर परत यायला हवा होता आणि पोर्ट आपोआप अडवला जायला हवा होता. तसे झाले नाही, याचे अर्थ मोजकेच निघतात. एक तर त्या पोर्टवर कोणीतरी बीपीडीयू फिल्टर लावून ठेवले आहे. नाही तर तो छोटा स्विच बीपीडीयू गिळतो. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या साध्या स्विचपैकी काही बीपीडीयू इतर मल्टिकास्टसारखे पुढे सोडतात आणि काही मानकातील नियमाला धरून राखीव पत्त्यांच्या फ्रेम तिथेच टाकून देतात, आणि खोक्यावर यातले काही लिहिलेले नसते. तिसरी शक्यता अशी, की ब्रॉडकास्टचे वादळ इतके जोरात उठले की बीपीडीयू त्या गर्दीतच हरवले. आधी पहिली शक्यता तपासावी, कारण ती निस्तरणे फुकट आहे.

बीपीडीयू गार्ड आणि बीपीडीयू फिल्टर ही नावे शेजारी शेजारी येतात, म्हणून लोक त्यांना भावंडे समजतात. त्यांचे काम एकमेकांच्या उलट आहे. गार्ड लावलेल्या पोर्टवर एक जरी बीपीडीयू आला तरी स्विच तो पोर्ट एरर-डिसेबल करतो, म्हणजे पोर्ट पूर्ण बंद पडतो आणि आपल्याला नोंद मिळते. इंटरफेसवर लावलेले फिल्टर बीपीडीयू पाठवतही नाही आणि आलेले पाहतही नाही, म्हणजे त्या पोर्टपुरती स्पॅनिंग ट्री बंदच. दोन्ही एकाच इंटरफेसवर लावले तर फिल्टर जिंकते आणि गार्ड नुसते शोभेला उरते. कॉन्फिगरेशन वाचणाऱ्याला मात्र गार्ड दिसल्याने सारे सुरक्षित वाटते. पोर्ट सारखा बंद पडतो म्हणून वैतागून कोणी फिल्टर लावले असेल, तर त्याने अपघाताची तजवीज करून ठेवली असे मी म्हणेन. स्विचभर लागू होणारे फिल्टर जरा सौम्य असते, कारण ते पोर्टफास्टच्या पोर्टांनाच लागते, लिंक जोडली जाताना काही बीपीडीयू पाठवते आणि पलीकडून बीपीडीयू आल्यास स्वतःहून बाजूला होते. तरीही कार्यालयीन नेटवर्कमध्ये त्याचे मला कधीच काम पडलेले नाही.

तेव्हा एज पोर्टवर दोन ओळी एकत्र असाव्यात: 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट' आणि 'स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल'. पहिली ग्वाही आहे आणि दुसरी ती ग्वाही खोटी ठरल्यावरची शिक्षा. पहिलीशिवाय दुसरी चालते, दुसरीशिवाय पहिली ठेवू नये. फोनची नेटवर्कची आणि संगणकाची अशी दोन्ही छिद्रे कोणी भिंतीवरच्या दोन बॉक्सना जोडली, किंवा लॅपटॉपवर विंडोजचा नेटवर्क ब्रिज चालू केला, तरी गार्डमुळे तेवढाच पोर्ट मरतो आणि मजला वाचतो. आभासी यंत्रांच्या सर्व्हरवर मात्र एक काळजी घ्यावी: आतल्या एखाद्या यंत्राने बीपीडीयू सोडला तर गार्ड सबंध सर्व्हरचा पोर्ट पाडेल, आणि दुसऱ्या पोर्टवर उडी मारल्यावर तोही पाडेल. म्हणून आतल्या यंत्रांचे बीपीडीयू अडवण्याची सोय हायपरव्हायझरमध्ये (आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीत) असल्यास ती आधी चालू करावी.

बीपीडीयू गिळणाऱ्या छोट्या स्विचसमोर गार्डही आंधळे असते, कारण त्याला दिसायला काही येतच नाही. तेथे दोन वेगळे पहारे लागतात. एक स्टॉर्म कंट्रोल, ज्याने ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्टचे प्रमाण ठरावीक टक्क्यांवर गेले की वाहतूक कापली जाते किंवा पोर्टच बंद होतो. साध्या टेबलाच्या पोर्टला ब्रॉडकास्टसाठी एक टक्काही पुष्कळ असतो. दुसरा पोर्ट सिक्युरिटी, म्हणजे एका पोर्टवर किती मॅक पत्ते चालतील याची मर्यादा. फोन आणि संगणक धरून तीन पुरतात. लूपमध्ये इतरांचे मॅक पत्ते त्या पोर्टवरून परत येऊ लागतात, त्यामुळे ही मर्यादा चटकन मोडते. अर्थात बैठकीच्या खोलीत आणखी चार बॉक्स ओढून छोटा स्विच काढून टाकणे हा यातला सर्वांत टिकाऊ उपाय आहे, आणि केबलवाल्याचा खर्च एका ठप्प दुपारपेक्षा स्वस्त पडतो.

गार्ड लावण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी, नाही तर भर दुपारी एखादा विभाग आपल्याच हातून बंद पडेल. 'शो स्पॅनिंग-ट्री इंटरफेस' आणि पोर्टचे नाव देऊन शेवटी 'डिटेल' लिहिले की तळाशी एक ओळ येते, तिच्यात पाठवलेल्या आणि मिळालेल्या बीपीडीयूंची संख्या असते. पाठवलेले लाखभर आणि मिळालेले शून्य असेल, तर पलीकडे स्पॅनिंग ट्री बोलणारे कोणी नाही, गार्ड खुशाल लावावे. मिळालेला आकडा शून्य नसेल, तर तेथे कोणीतरी स्विच लावला आहे किंवा कधीतरी लूप झाला होता. आधी तो शोधावा. त्याच्या जोडीला मॅक तक्ता पाहावा. एकाच अ‍ॅक्सेस पोर्टवर सहा-सात पत्ते दिसले, तर त्या टेबलाखाली छोटा स्विच आहे हे जागेवर न जाताही कळते. दोन गाळे एकत्र करून वाढवलेल्या कार्यालयांत असे टेबल हमखास सापडते, कारण भिंत पाडणाऱ्याने नेटवर्कचा विचार केलेला नसतो.

बंद पडलेला पोर्ट आपोआप परत सुरू करावा का, याबद्दल मते वेगळी आहेत. 'एररडिसेबल रिकव्हरी' चालू केल्यास मूळ अवधी 300 सेकंदांचा असतो. लूप तसाच असेल, तर दर पाच मिनिटांनी पोर्ट उघडतो, क्षणभर वादळ उठते आणि बीपीडीयू येताच पुन्हा बंद होतो. जिथे आपण स्वतः मजल्यावर आहात तिथे मी ते बंद ठेवतो, म्हणजे तक्रार येते आणि कारण सापडते. वाशी किंवा ठाण्याच्या शाखेत रात्री कोणी नसते, तिथे अवधी वाढवून चालू ठेवणे शहाणपणाचे.

अपलिंककडे जाण्यापूर्वी रूट, म्हणजे स्पॅनिंग ट्री ज्याच्यापासून वाटा मोजते तो स्विच, कोण आहे ते पाहावे. सर्व स्विचचे प्राधान्य मुळात 32768 असते आणि बरोबरी झाली की ज्याचा मॅक पत्ता लहान तो रूट होतो. एकाच कंपनीच्या स्विचमध्ये लहान पत्ता बहुधा जुन्या स्विचचा असतो, त्यामुळे पँट्रीच्या माळ्यावरचा सर्वांत म्हातारा स्विच सबंध कार्यालयाचा रूट झालेला आढळतो आणि वाहतूक उगाच त्याच्यामार्गे वळसा घालते. प्राधान्य 4096 च्या पटीत बदलते. पहिल्या कोअरला 4096 आणि दुसऱ्याला 8192 हाताने द्यावे. रूट ठरवणारी तयार मॅक्रो कमांड मी टाळतो, कारण ती त्या क्षणीची परिस्थिती पाहून आकडा टाकते आणि नंतर आलेल्या स्विचकडे बघत नाही.

मग कोअरच्या, मजल्यांकडे जाणाऱ्या पोर्टांवर रूट गार्ड लावावे. खालून कोणी वरचढ बीपीडीयू पाठवून रूट होऊ पाहील, तर तो पोर्ट रूट-इनकन्सिस्टंट होऊन अडतो आणि वरचढ बीपीडीयू थांबले की आपोआप मोकळा होतो. दोन कोअरमधील दुव्यावर मात्र रूट गार्ड लावू नये, कारण पहिला कोअर पडून परत आला की तेथून खरोखरच वरचढ बीपीडीयू येणार असतो.

मजल्यावरच्या स्विचच्या अपलिंकवर, म्हणजे रूट (रूटकडे जाणाऱ्या) आणि अल्टरनेट (राखीव, रोखलेल्या) पोर्टवर, लूप गार्ड लावावे. एकाच पोर्टवर रूट गार्ड आणि लूप गार्ड दोन्ही चालत नाहीत. लूप गार्ड लावण्याचे कारण फायबरमध्ये आहे. शाफ्टमधील फायबरची एकच तार उंदराने कुरतडली किंवा मुरडली गेली, की एका बाजूने प्रकाश जातो आणि दुसऱ्या बाजूने येत नाही. रोखून धरलेल्या पोर्टला बीपीडीयू मिळेनासे झाले, की रॅपिडमध्ये तीन हॅलो (दर 2 सेकंदांचे बीपीडीयू) चुकल्यावर, म्हणजे 6 सेकंदांत, आणि जुन्या पद्धतीत 20 सेकंदांनंतर, तो समजतो की पलीकडे कोणी उरले नाही, आणि फॉरवर्डिंगकडे निघतो. खरे तर पलीकडचा स्विच जिवंत असतो आणि लूप जुळतो. लूप गार्ड अशा वेळी पोर्टला अडवून ठेवते. थेट फायबरवर ऑटो-नेगोशिएशन चालू असेल तर असा एकतर्फी दुवा सहसा लिंकच पाडतो. पण मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी यंत्रे) असतील, तर फायबर तुटूनही स्विचवरचा दिवा हिरवाच राहू शकतो. आपल्याकडे दुसऱ्या मजल्याला कन्व्हर्टर आहेत असे आपण लिहिले आहे, तेथे तरी हे टाळू नये आणि यूडीएलडी, म्हणजे एकतर्फी दुवा ओळखणारी सोय, हीही चालू करावी. शक्य असेल तर कन्व्हर्टर काढून थेट मॉड्यूल लावावेत.

पोर्ट कॉस्टला, म्हणजे वाट निवडताना दुव्याला लावल्या जाणाऱ्या किमतीला, आपल्याकडे हात लावण्याचे कारण दिसत नाही. फक्त एवढे पाहावे की मोजण्याची पद्धत सर्व स्विचवर एकच आहे. छोट्या पद्धतीत एक गिगाबिटची किंमत 4 आणि मोठ्या पद्धतीत 20000 असते. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकत्र आले की एक इकडून मोजतो, दुसरा तिकडून, आणि वाहतूक जिथे जाऊ नये तिथून जाते. दोन अपलिंक एकाच कोअरकडे जात असतील, तर त्यांचा एलएसीपीने (दोन्ही बाजूंनी बोलून गट जुळवण्याच्या पद्धतीने) एक गट करावा. स्पॅनिंग ट्रीला मग एकच दुवा दिसतो आणि दोन्ही केबल कामी येतात. गट 'ऑन' या सक्तीच्या पद्धतीने बांधू नये, कारण एका बाजूने गट आणि दुसऱ्या बाजूने सुटे पोर्ट राहिले तर लूप होऊ शकतो. अपलिंक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने चालणाऱ्या स्थितीत) आला असेल तर रॅपिड त्याला सामायिक दुवा समजून जलद देवघेव सोडून देते, तेवढे एकदा तपासून घ्यावे.

एमएसटीचा, म्हणजे अनेक व्हीलॅन एकाच स्पॅनिंग ट्रीत बांधण्याच्या पद्धतीचा, विचार सध्या नको. आपल्याकडे बारा-चौदा व्हीलॅन आहेत. पुष्कळ कॅटॅलिस्ट अ‍ॅक्सेस स्विचवर व्हीलॅननिहाय स्पॅनिंग ट्रीची मर्यादा 128 असते, तिच्या आसपासही आपण नाही. इंटरनेट पुरवठादाराच्या दुव्याबाबत आपण शेवटी विचारले आहे: तो स्विचवर उतरत असेल तर पोर्ट राउटेड (राउटरसारखा, स्पॅनिंग ट्रीत न येणारा) करावा, म्हणजे प्रश्नच मिटतो. ते जमत नसेल आणि पलीकडून बीपीडीयू येत असतील, तर फिल्टर वापरण्याची ही एकमेव जागा मी मान्य करतो, तीही तो दुवा एकच असल्याची खात्री करून.

काम शनिवारी संध्याकाळी काढावे. आधी कोअरचे प्राधान्य, मग रूट गार्ड, मग अपलिंकवर लूप गार्ड आणि सर्वांत शेवटी एज पोर्ट, एका वेळी एक स्विच. शेवटी बैठकीच्या खोलीतील तोच छोटा स्विच आणि तीच पॅच कॉर्ड घेऊन लूप मुद्दाम करून पाहावा आणि सिस्टम लॉगमध्ये पोर्टचे नाव घेऊन गार्डची नोंद येते का ते बघावे. नोंद आली नाही आणि स्टॉर्म कंट्रोलनेच पोर्ट पाडला, तर तो स्विच बहुधा बीपीडीयू गिळणारा आहे असे दिसेल आणि बॉक्स ओढण्याच्या खर्चासाठी व्यवस्थापनापुढे ठेवायला आपल्या हाती पुरावा येईल.